बाळंतिणीची लोखंडी खोली

होडी पाण्यात राहिली की तिच्या बुडाला कालवं धरतात. खरवडून काढा, पुढच्या मोसमाला पुन्हा तेवढीच. आमच्या पाणबुड्यांच्या गोष्टींचं तसंच आहे. ह्यांचा कुणी जुना सोबती घरी आला, हातात चहा पडला, की एक गोष्ट निघते, तिला चिकटून दुसरी, आणि चहा गार! मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, म्हणून मी सांगते आणि नात लिहिते. कुठं अडखळलात तर तिला धरा, मला नको.

आधी थोडं सांगून टाकते, म्हणजे पुढं गोंधळ नको. हिटलरची लढाई लागायच्या आधीची ही सालं. रत्नागिरीच्या किल्ल्यासमोर खोल पाण्यात एक आगबोट बुडालेली होती, पोटात तांब्याच्या विटा घेऊन. त्या काढायला एका गोऱ्या साहेबानं मोठं सपाट गलबत आणून नांगरलं. बार्ज म्हणायचे त्याला. नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळला की काम सुरू, पावसाळा तोंडावर आला की बंद. असे चार मोसम.

खाली उतरणारे दोघे: आमचे हे, आणि मिऱ्याचा भिकू. वरून त्यांची दोरी धरायचा राजिवड्याचा दाऊदभाई. चूल माझी. पहिला आचारी दोन दिवसांत दर्या लागून पळाला, तेव्हा साहेबानं विचारलं, "हलत्या जमिनीवर स्वयंपाक करील अशी बायको कुणाची आहे?" ह्यांनी माझं नाव सांगितलं. मला न विचारता!

अंगात रबरी कॅनव्हासचा पोशाख, पायांत शिशाचे बूट, डोक्यावर तांब्याचा भलामोठा टोप आणि टोपाला हवेची नळी. असा माणूस अठरा-वीस वाव खाली जायचा. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की भरतं तेवढं अंतर. उतरताना फारसं भय नाही. भय वर येताना. थांबे ठरलेले असत. प्रत्येक थांब्यावर वेळ काढत, हळू यायचं. घाईनं आला तर कुणाचे सांधे धरत, कुणाचे पाय जात. जन्माचे. पण आमच्या चार मोसमांत एकही माणूस दर्यानं नेला नाही, आणि एकही काठी टेकत घरी गेला नाही. हे मी मान ताठ करून सांगते.

* * *

पाय का जातात, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. गिऱ्हा धरतो म्हणायचे. पाण्यातलं भूत ते, त्याच्या हद्दीत गेलं की मागून पाय ओढतं. भिकू दंडाला गंडा बांधल्याशिवाय डोक्यावर टोप चढवू द्यायचा नाही.

एक दिवस साहेबानं सगळ्यांना गोळा केलं आणि बाजारातून गोटी सोड्याच्या दोन बाटल्या आणवल्या. एकीची गोटी त्यानं अंगठ्यानं धाडकन आत ढकलली. फस्स! अर्धा सोडा त्याच्याच पांढऱ्या पाटलोणीवर. दुसरीची गोटी त्यानं केसाएवढी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. हवा सूं-सूं करत निघून गेली आणि सोडा जागच्या जागी राहिला.

"खाली दाब. दाबानं हवा रक्तात जाते," साहेब त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला. "हळू वर आला, हवा हळू निघते. धावत आला, तर रक्ताचा सोडा!"

मग त्यानं बार्जवरच्या लोखंडी कोठीकडे बोट केलं. आडवं पिंपच म्हणा ना. आत दोन माणसं मावतील एवढं, जाड दार, एक वाटोळी काच, बाहेर दाबाची तबकडी आणि तिच्यावर काटा. "सोडा झाला तर माणूस ह्यात. इंजिनानं पुन्हा दाब द्यायचा. बुडबुडा बारीक होतो. मग गोटी हळू, हळू, हळू सोडायची."

भिकू दुसरी बाटली उन्हात धरून निरखत होता.

"समजलं साहेब," तो म्हणाला. "आता ही प्यायली तर चालेल?"

* * *

आमच्या सासूबाई सुईण. जिवंत माणसाला लोखंडात कोंडतात, असं त्यांच्या कानावर गेलं, आणि बाई होडीत बसून थेट बार्जवर हजर! साठी उलटलेली, पण लाटेला पाय ढळला नाही. साहेबासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उघड ते दार."

साहेबानं उघडलं. सासूबाईंनी आत डोकावून पाहिलं. नारळ वाजवून बघावा तशी भिंत वाजवली. मग दाऊदभाईकडे वळल्या.

"आत गेलेला बाहेर कधी येतो?"

"वेळ भरली की."

"आणि आधी काढला तर?"

"जिवावर बेततं."

"एकटाच असतो?"

"नाय. सोबत एक जाणतं माणूस बसतं."

"खायला?"

"गरम. पातळ."

"बाहेरचं वारं?"

"बिलकूल लागता नये."

सासूबाईंनी पदर खोचला. "मग मघापासून हे एवढं विंग्रजी कशाला लावलंयत? ही बाळंतिणीची खोली!"

त्या दिवसापासून कोठीचं तेच नाव पडलं. साहेबसुद्धा तेच म्हणायचा, फक्त त्याच्या तोंडात ते नीट बसायचं नाही.

* * *

त्या खोलीत पहिला बाळंत झाला भिकू.

शिमग्याचे दिवस. पालखी घरोघर फिरत होती आणि त्या दिवशी दुपारी भिकूच्या घराची पाळी होती. हा सकाळी खाली उतरला. वर येताना शेवटचा थांबा उरला, तीन वावांवर दोरीला धरून अर्धा तास उभं राहायचं. ह्याचा जीव पालखीत. ह्यानं पोशाखात हवा भरून घेतली, आणि फुगलेल्या बेडकासारखा भसकन पाण्यावर! दाऊदभाई दोरी हातात धरून ओरडतोय, "अरे थांब, अरे थांब," आणि हा टोप काढून म्हणतोय, "देव माझ्या दारात यायचाय, मी चाललो."

होडी अर्ध्या वाटेवर गेली तशी गुडघे आणि कोपरं अशी धरली की भिकू वेटोळं करून होडीच्या तळाशी पडला. होडी वळवून आणली. भिकू खोलीत, सोबतीला आमचे हे, आणि दार बंद.

इकडे मिऱ्याला पालखी भिकूच्या अंगणात पोचली. भिकूची आई म्हणाली, "घरचा कर्ता आल्याशिवाय मी देवाची ओटी भरायची नाय." गावकऱ्यांनी समजावलं, म्हातारी ऐकेना. शेवटी पालखी उचलली आणि किनाऱ्यावर आणून वाळूत ठेवली, तोंड बार्जकडे करून. ढोल सुरू. एक माणूस होडी मारत आला आणि खालूनच ओरडला, "साहेब, देव खोळंबलाय! सोडा त्याला!"

साहेबानं खिशातलं घड्याळ काढून बघितलं. "देवाला सांगा, अजून एक तास वीस मिनिटं."

आणि देव थांबला हो! भिकू बाहेर आला तो ताठ. किनाऱ्यावर गेला आणि खांद्यावर पालखी घेऊन त्याच गुडघ्यांवर नाचवली. पुढं जन्मभर तो सांगायचा, "तुमच्या घरी देव रस्त्यानं येतो. माझ्यासाठी दर्यावर आला!"

आणि तो सांगायचा तेव्हा तेव्हा त्याची आई त्याच्या पाठीत धपाटा घालायची.

* * *

दुसऱ्या मोसमात ह्यांचा खांदा धरला. थोडकाच, पण साहेब थोडक्याला थोडकं म्हणत नसे. हे आत, सोबतीला भिकू. चार तास काढायचे म्हणून मी तांदळाचे लाडू केलेले दिले, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. कोठीला जिन्नस आत द्यायला छोटं दोन दारांचं कपाट होतं. बाहेरचं दार उघडून ठेवायचं, लावून घ्यायचं, मग आतले आतलं दार उघडायचे.

डबा ठेवला. दार लावलं. आत दाब शिरला आणि धाड्‌दिशी असा आवाज झाला की साहेब खुर्चीतून उठला!

बोलायच्या नळीतून भिकूचा आवाज आला. दाबात आवाज नाकातून येतो, बदक बोलावं तसा. "वहिनी, डबा पार चेपला! कागदासारखा! पण लाडवाला ओरखडा नाय!"

बार्जवर हशा पिकला. मी चुलीकडे तोंड फिरवलं. संध्याकाळी साहेबानं त्यातला एक लाडू मागून घेतला. मला वाटलं, कुणीतरी चव घेणारा भेटला. दुसऱ्या दिवशी बघते तर तो लाडू त्याच्या टेबलावर, कागद वाऱ्यानं उडू नयेत म्हणून ठेवलेला!

* * *

मुंबईहून एक मोठा अधिकारी बघायला आला होता. आपल्यातलाच, पण पाटलोण साहेबाची. मिशा अशा, की त्यांवर लिंबू राहावं. म्हणाला, "मी स्वतः आत बसून बघणार."

भिकू त्याच्या सोबत आत बसला. दार बंद झालं, दाब चढायला लागला. चढला की कानात दडे बसतात. नाक धरून फुंकायचं असतं. भिकूनं ते सांगितलं, पण अधिकारी कुणाचं ऐकायला आलेला नव्हता. काटा जरासा सरकला असेल नसेल, आत दाणदाण हात आपटायला लागले. "उघडा! मेलो! उघडा!"

नळीतून भिकूचा शांत आवाज आला, "कळा सुरू झाल्यात, साहेब. सोसा जरा!"

* * *

तिसऱ्या मोसमात साहेबानं प्राणवायूची लोखंडी नळकांडी आणली. आरमारातल्या त्याच्या एका जुन्या दोस्तानं सुचवलेलं म्हणे. दाब निम्म्याच्या खाली आला की आतल्या माणसाच्या तोंडावर मुखवटा लावायचा आणि निव्वळ प्राणवायू द्यायचा, म्हणजे रक्तातली उरलीसुरली हवा लवकर धुऊन निघते.

पण त्याबरोबर साहेबानं हुकूम काढला. विडी नाही, काडेपेटी नाही, आणि डोक्याला तेल नाही! प्राणवायू आणि तेल एकत्र आलं तर ठिणगीला पेट घेतं, म्हणाला. विडीचं सगळ्यांना पटलं. पण कोकणातल्या माणसाच्या डोक्याला तेल नाही? आमच्याकडे खोबरेल कानामागून ओघळलं नाही तर माणूस आजारी आहे का म्हणून विचारतात.

मी हंडाभर रिठे उकळले. मिशावाले दांडगे बाप्ये ओळीनं बसवले आणि एकेकाचं डोकं खसाखसा धुतलं. भिकूच्या डोळ्यांत फेस गेला. तो ओरडला, "दिवाळी आली काय गो वहिनी?"

दाऊदभाई आपल्या पाळीची वाट बघत बसलेला. त्याला दाढीचं अत्तर धुवायचं होतं. तो म्हणाला, "दिवाळीला तेल लावतात रे. हितं काढतायत!"

मग साहेब एकेकाचं डोकं वाकून हुंगत गेला, बायका बाजारात कलिंगड हुंगतात तसा.

घरी सासूबाईंचा कडकडाट. "माझ्या लेकाचं डोकं असं कोरडं? घरात कुणी त्याची वास्तपुस्त करणारं नाही काय?" पण मोसम संपेपर्यंत तेलाची बुधली माझ्या पेटीत, कुलपात! चौथ्या मोसमातही तेच. हे लक्षात ठेवा.

* * *

आता माझ्या चुलीचं. भिकू पहिल्यांदा खोलीत होता तेव्हा माझा स्वयंपाक लवकर उरकला आणि तो बाहेर येईपर्यंत सगळं गार झालं. साहेब रागावला. बाहेर आलेल्या माणसाच्या पोटात गरमच जायला हवं.

पुढच्या वेळी मी दाऊदभाईला सांगितलं, काटा हलला की मला हाक मार. तबकडीवर साहेबानं तांबड्या रंगाच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. दाब पुरता चढला की तिथं काही वेळ थांबायचं, मग एकेक रेघ खाली, आणि प्रत्येक रेघेवर थांबा, आधीच्याहून मोठा. दोनचार बाळंतपणं झाल्यावर माझा हात आपोआप बसला. पुऱ्या दाबावर उकड्या तांदळाचा भात शिजून होतो. पहिल्या रेघेवर पिठलं. दुसऱ्या रेघेवर तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं कालवण, शिंपल्या निवडण्यापासून. तिसऱ्या रेघेवर नाचणीच्या दोन डझन भाकऱ्या. आणि शेवटच्या रेघेवर आख्खे कुळीथ, बोटानं चिरडतील इतके मऊ. वाळूच्या पेटीत एकच चूल, त्यामुळे एकामागून एकच व्हायचं.

मग असं झालं की लोक तबकडी बघायचं सोडून मलाच विचारायचे. दाऊदभाई हाक मारायचा, "बाय, कुठवर आलं?"

"भाकऱ्या चालल्यात. आठ राहिल्या."

साहेब घड्याळ काढायचा, तबकडी बघायचा, आणि घड्याळ खिशात टाकायचा. एकदाच त्यानं विचारलं, "चुकलीस तर?"

मी विचारलं, "कुठल्या बाजूला चुकलेलं चालेल, साहेब?"

"जास्त चालेल. कमी बिलकूल नाही."

"मग कच्चं कधी उतरवायची नाही," मी म्हटलं.

* * *

आता ही शेवटची. ही मी येत्याजात्याला सांगत नाही.

चौथा मोसम. पाणी उपसायच्या पंपाचा एक भाग मोडला म्हणून साहेब आगबोटीनं मुंबईला गेला. जाताना म्हणाला, "मी येईपर्यंत कुणी खाली जायचं नाही." घड्याळ त्याच्या खिशातून त्याच्याबरोबरच गेलं. बार्जवरचं भिंतीचं घड्याळ खाऱ्या हवेनं कधीच बंद पडलेलं. थांब्यांचा कागद भिंतीला होता, पण इंग्रजीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी वारा फिरला. बार्ज नांगर ओढत खडकांकडे सरकायला लागली. खालची साखळी कुठंतरी अडकली होती, ती मोकळी करायला भिकूला उतरावंच लागलं. साखळी मोकळी झाली, पण सुटताना भिकूच्या पायावर येऊन पडली. दोरीला झटके आले. हे पोशाख चढवून उतरले. खूप वेळ खाली होते. भिकूला सोडवला आणि त्याला अंदाजानं थांबे घेत वर पाठवला. मग ह्यांची दोरी हलली, ती वेड्यासारखी. साखळीच्या कडेनं पोशाख फाटला होता आणि पाणी गळ्यापर्यंत आलं होतं. दाऊदभाईनं थांबा नाही, काही नाही, सरळ वर ओढून घेतलं. बुडण्यापेक्षा तेच बरं.

हे वर आले ते हसत. पेटीवर बसले, चहा मागितला. म्हणाले, "पोशाख फाटला. साहेब बोंबलणार." अर्धा कप झाला आणि कप खाली ठेवला.

"अगो, पायांना मुंग्या आल्यात."

उठायला गेले, उठता येईना. मी खाली बसले आणि ह्यांच्या पोटरीला चिमटा काढला. नख रुतेपर्यंत.

"कळतंय?" मी विचारलं.

"काय?" हे म्हणाले.

मग एकदम सगळे बोलायला लागले. कुणी म्हणे किनाऱ्यावर डॉक्टरकडे न्या, कुणी म्हणे भगताला आणा. दाऊदभाईनं सगळ्यांना गप्प केलं.

"साहेब असता तर काय केलं असतं?"

"खोलीत घातलं असतं," भिकू म्हणाला.

"मग साहेब नाय म्हणून खोली कुठं पळाली काय?"

"पण वेळ कोण सांगणार?" भिकू म्हणाला. माझ्याचपायी झालं म्हणून तो आधीच अर्धा झाला होता. "घड्याळ नाय. कागद कुणाला येत नाय. तासांचं काम हे, मनात मोजून होतं काय? लवकर सोडला तर ह्याचे पाय गेलेच, आणि आपल्या हातानं गेले."

मी पदर खोचला. "वेळ माझ्याकडे आहे," म्हटलं. "तू फक्त दाबाची चावी धर. मी सांगेन तेव्हा फिरव."

दाऊदभाईनं रिठ्याच्या पाण्यानं दाढी धुतली आणि ह्यांना उचलून आत नेलं. ह्यांचं डोकं मात्र हुंगावं लागलं नाही. दार लागलं. इंजिन सुरू झालं, काटा चढला. मी भाताचं भांडं चुलीवर ठेवलं.

वाटोळ्या काचेकडे मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जाळ कमीजास्त झाला असता. जाळ रोजच्यासारखाच हवा होता. तेवढंच माझ्या हातात होतं. एक लाकूड, मग दुसरं. रोज जेवढं सारते तेवढंच.

भात झाला. "भिकू, पहिली रेघ."

पिठलं झालं. "दुसरी."

कालवण झालं. "तिसरी. मुखवटा लावायला सांग."

भाकऱ्या थापायला घेतल्या. नववी की दहावी तव्यावर होती, तेव्हा नळीतून दाऊदभाईचा बदकासारखा आवाज आला. "बाय! अंगठा हलला!"

बार्जवर आरडाओरडा झाला. भिकू चावीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होता, डोळ्यांतून पाणी. "वहिनी, हलला गो! सोडू आता?"

"माझ्या भाकऱ्या व्हायच्यात," मी म्हटलं.

चोवीस झाल्या. शेवटची रेघ. कुळीथ चढवले. ऊन कलायला लागलं. कुळीथ काही शिजेनात. मी दाणा काढून बोटांत धरला, कडक. पुन्हा थोड्या वेळानं, कडकच. भिकू म्हणाला, "झाले असतील गो."

"नाय झाले."

"अगो पण आता आतून स्वतः बोलतोय तो! गुडघा उचलतोय म्हणतो!"

"बोलू दे. नाय झाले."

दिवेलागणीला दाणा बोटांत चिरडला. "सोड," मी म्हटलं.

दार उघडलं. आधी दाऊदभाई आला, मग हे. दाराची कड धरून उभे राहिले. हात सोडला. एक पाऊल. दुसरं. तिसरं. कुणाकडेही न बघता सरळ माझ्या चुलीपाशी आले. कुळथाचं झाकण उचललं, चार दाणे तळहातावर घेतले आणि तोंडात टाकले.

"अगो," हे म्हणाले, "मीठ विसरलीस."

इतका वेळ माझे पाय धड होते. तेवढं ऐकलं आणि तेच गेले. मी तांदळाच्या पोत्यावर मटकन बसले.

चार दिवसांनी साहेब परत आला. त्यानं ह्यांना एका फळीवरून चालवलं, डोळे मिटून उभं केलं, गुडघ्यांवर ठोकून बघितलं. मग भिंतीवरचा कागद काढला आणि विचारलं, "घड्याळ कुणाचं वापरलं?"

भिकूनं त्याला माझ्या चुलीपाशी आणलं आणि पाच भांडी ओळीनं मांडून दाखवली.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "तेच सगळं पुन्हा कर. तसंच." आणि एका हातात घड्याळ, एका हातात कागद घेऊन दिवसभर पेटीवर बसून राहिला. मी भात केला, पिठलं केलं, कालवण, भाकऱ्या, कुळीथ. प्रत्येक भांडं उतरलं की तो कागदावर खूण करायचा. सगळे भोवती उभे. शेवटचं भांडं उतरलं तेव्हा तो उठला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"चार थांबे बरोबर. मिनिटाला मिनिट," तो म्हणाला. मग कागदावर बोट ठेवलं. "पण शेवटचा अर्धा तास जास्त. का?"

"कुळीथ जुने होते, साहेब."